उपलब्ध पाणी

पोळ्याचा आदला दिवस: स्वच्छतागृहाच्या कामासाठी रबरी हातमोजे आणि चष्मा मिळावा ही मागणी ‘तूर्त आवश्यकता नाही’ असा शेरा मारून परत पाठवण्यात आली. जबाबदार, भांडारपाल. घटस्थापनेनंतरचा सोमवार: सफाईच्या बाईच्या डोळ्यात ॲसिड उडाले आणि तिला पाण्यापासून परतवण्यात आले. जबाबदार, हेडक्लार्क. दिवाळीची सुट्टी संपली त्याचा दुसरा दिवस: सारा दोष तिच्याच माथी मारण्यात आला. जबाबदार, चौकशी अधिकारी. नावे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

त्या काळी मी औरंगाबादेतल्या एका सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात टंकलेखन यंत्र मांडून लोकांचे अर्ज लिहून देत असे. ही बाई दौलताबादहून बसने येई आणि रोजंदारीवर कचेरी झाडी. झाडता झाडता मला टोमणा मारल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

“मुनशीकाका, एवढं खडखड करता, कुणाचं काम झालं का कधी?”

“झालं असतं तर लोक परत कशाला आले असते?”

“मंग तुमचं आमच्यावानीच. रोज झाडायचं, रोज कचरा.”

त्या सोमवारी वरिष्ठांची भेट ठरली होती. साहेब येण्याआधी स्वच्छतागृहाच्या फरशीवरचे पिवळे डाग गेलेच पाहिजेत, असे हेडक्लार्कने तिला बजावले. उघड्या डोळ्यांनी, उघड्या हातांनी ती ॲसिड ओतू लागली आणि ते उसळले. पदराने डोळा दाबून ती किंचाळत बाहेर आली. दारासमोरच कर्मचाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. तिचा हात त्याच्या तोटीपर्यंत पोहोचला होता.

“अगं ए, तिथं नको!” हेडक्लार्क खुर्चीतूनच ओरडले. “प्यायचं पाणी आहे ते. मागच्या नळावर जा.”

आणि ती, डोळा जळत असताना, “व्हय साहेब” म्हणाली आणि वळली. ते दोन शब्द मी आजवर कोणालाही माफ केलेले नाहीत. मागच्या नळाला पाणी नव्हते. आपल्या शहरात पाणी यायचे तेव्हाच येते आणि तो दिवस पाण्याचा नव्हता, हे हेडक्लार्कसुद्धा जाणत होते. नळ नुसता फुसफुसला. मी धावत जाऊन माझी सुरई तिच्या डोळ्यावर रिकामी केली. ती पुरेशी नव्हती आणि तोवर उशीरही झाला होता. डावा डोळा गेला.

चौकशी झाली. माझी साक्ष घेतली नाही. मी कचेरीचा कर्मचारी नव्हतो ना! अहवालात लिहिले: ‘नजीक कूलरचे पाणी उपलब्ध असतानाही सदर कामगाराने त्याचा वापर केला नाही, सबब तिचा निष्काळजीपणा सिद्ध होतो.’ याच वाक्याच्या आधारे तिला कामावरून काढले. ज्या पाण्याला हात लावण्याची तिला मनाई होती, ते न वापरल्याचा गुन्हा तिच्यावर ठेवणारी ही न्यायबुद्धी मला निजामाच्या अमलातल्या जुन्या कागदांतही कधी आढळली नाही.

मी वरपर्यंत पत्रे लिहिली. प्रत्येक पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खाली उतरत त्याच हेडक्लार्कच्या टेबलावर येऊन पडले.

“पुरे आता काका,” ती एकदा भेटायला आली तेव्हा म्हणाली. “गेलेला डोळा अर्जानं येतो व्हय?”

“डोळा नाही येत, बाई. पण निष्काळजी हा शब्द तुमच्या माथ्यावरून उतरला पाहिजे.”

“मंग लिवा. पर मोठ्या अक्षरात लिवा. मला एकाच डोळ्यानं वाचायचंय.”

तो शब्द अजून उतरलेला नाही. हेडक्लार्क आणि चौकशी अधिकारी शाल-श्रीफळ घेऊन सन्मानाने निवृत्त झाले. दोघेही याच शहरात राहतात. खाजगी खुलासा मला नको, दिलगिरीही नको. चौकशी अधिकाऱ्यांनी त्या व्हरांड्यात, चार लोकांदेखत, तिच्यासमोर उभे राहून एवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे: तिचा हात कोणाच्या शब्दावरून मागे फिरला, हे तुम्ही तिला का विचारले नाही?