काकू पानाची मागची बाजू शोधत होत्या

मी वाचायला शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. कारखान्याच्या गेटवर वाटून उरलेला गठ्ठा आमच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली असायचा. पुढे मोठ्या अक्षरांत घोषणा. मागे सभा कुठे, किती वाजता, अर्ज कुणाकडे द्यायचा. वसाहतीत सगळे पत्रक तसंच वाचत. पुढचं नजरेखालून घालायचं आणि उलटायचं.

निवृत्तांच्या संघटनेने मला वेबसाइट करायला सांगितली तेव्हा मी पेटूनच उठले. वसाहतीच्या दवाखान्यातून विधवांना मिळणारी औषधं बंद करायचं मॅनेजमेंटच्या मनात होतं. ज्यांना ती लागतात त्यांची नावं वेबसाइटवर जमवून शुक्रवारी मॅनेजमेंटला यादी द्यायची होती. मी लाल पान केलं. वर उगारलेली मूठ, मध्ये एकामागून एक सरकणाऱ्या घोषणा. नाव भरायची जागा अगदी खाली. अन्यायाबद्दलचं पान शांत दिसूच कसं शकतं, असं माझं मत होतं.

सोमवारी पहिल्यांदा दाखवलं ते काकूंना. आमच्या जुन्या शेजारीण, आता आमच्यासारख्याच वसाहतीबाहेर, साकेत नगरात. मुलगा मंडीदीपला कामावर, त्या दिवसभर एकट्या. त्यांचं इन्सुलिन त्याच दवाखान्यातून यायचं. त्यांनी चष्मा लावून घोषणा वाचल्या, मग फोन उलटा करून पाहिला.

"छान लिहिलंयस. पण फॉर्म कुठाय?"

"खाली आहे काकू. बोटाने वर सरकवा."

बोट लागलं की फॉर्म येण्याऐवजी घोषणाच बदलायची. तीनदा तसं झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे एका जागी बसेल तर ना. अगदी तुझ्यावर गेलंय."

मी घरी येऊन सगळं पुसून टाकलं. पांढरं पान. नाव, स्टाफ नंबर, औषध आणि एक बटण. सोपं लिहिणं म्हणजे माणसाचा मान राखणं, असं बाबांना ठणकावून सांगितलंही.

गुरुवारी पाहिलं तर हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच नावं. त्यांत काकू नव्हत्या. मी तडक त्यांच्याकडे गेले.

"काकू, आता तर काहीच अवघड नाही."

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "हे गेले तेव्हा ऑफिसात असाच कागद पुढे केला होता. साधा, पांढरा. नाव लिहा, सही करा. मी केली. क्वार्टर सोडायला मी राजी आहे, असं होतं त्यात. ये भी मॅनेजमेंट का ही लगता है, बेटा."

मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. म्हटलं, तू शिकलेली आहेस."

मला काहीच सुधरेना. भडक केलं तर वापरता येत नाही, सोपं केलं तर विश्वास बसत नाही. एवढी वर्षं साधेपणाला मी प्रामाणिकपणा समजत होते, आणि काकूंचं घर तर साध्या कागदानेच नेलं होतं. शेवटी पानावर वर संघटनेचं नाव घातलं, लाल पट्टीत. बटणाखाली लिहिलं की याने तुमचा कुठलाही हक्क सुटत नाही. लिहिताना वाटलं, फसवणाऱ्यानेही हेच लिहिलं असतं.

शुक्रवारी सकाळी काकूंनी माझ्यासमोर एकेक अक्षर शोधत फॉर्म भरला. बटण दाबलं. नाव नोंदलं गेल्याचं पानावर आलं. त्या फोनकडे बघत बसून राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"मग पावती?"

ती मला सुचलीच नव्हती. मी वहीचं पान फाडून त्यांचं नाव, स्टाफ नंबर, तारीख लिहिली आणि खाली सही केली. त्यांनी ती निरखून पाहिली.

"तुझी सही चालते का तिथे?"

"नाही चालत, काकू."

"असू दे," म्हणत त्यांनी कागद पाकिटात ठेवला.

मग मी वही घेऊन दुपारपर्यंत दारोदार फिरले आणि प्रत्येकीला तशीच पावती देत बाकीची नावं माझ्याच फोनवरून भरली. यादी गेली. काकूंचं नाव तिच्यात आहे. वेबसाइट फार उपयोगी पडली, असं संघटनेत सगळे म्हणतात. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.