आईला लेखी आदेश लागत नाही

शांती नगरमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, कारण निवडीच्या मीटिंगला मीच गैरहजर होतो. कॅमेऱ्यांचा पासवर्ड माझ्याकडे आला. मग एका रविवारी सकाळी साध्या कपड्यातला एक तरुण पोलीस दारात उभा. ओळखपत्र दाखवून म्हणाला, "सिक्युरिटी मॅटर आहे. महिन्याभराचं सगळं फुटेज द्या. गेट, लिफ्ट, जिने, सगळं."

माझी वकील बहीण बजावून गेली होती, तोंडी मागणीवर काहीही द्यायचं नाही. मी घसा खाकरून म्हणालो, "साहेब, लेखी आदेश आणा. कुठल्या कॅमेऱ्याचं, कुठल्या वेळेचं, ते लिहून. सगळ्या बिल्डिंगचं येणंजाणं आहे त्यात."

"देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"म्हणूनच लेखी आणा," मी म्हणालो, पण आवाज चिरकला.

तेवढ्यात आई पाणी घेऊन बाहेर आली. रत्नागिरीहून आल्यापासून तिचा मुक्काम बाल्कनीतच असतो. "बस रे. कोणाचं हवंय तुला? दुसऱ्या मजल्यावरच्याचं काय?"

"आई, गप्प बस! कायदा आहे!"

"तो तुझ्या कॅमेऱ्याला. मला कुठे पासवर्ड आहे?"

पोलीस खूश होऊन सोफ्यावर टेकला. आईने दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली, तिथून तिथल्या गृहस्थाच्या मेहुणीच्या मोडलेल्या लग्नावर गेली, तिथून चेअरमनच्या मूळव्याधीवर. मी हात जोडले, डोळे वटारले, काही उपयोग नाही. पोहे झाले, चहा झाला. तो उठला की ती बसवायची. मग तिने मोर्चा त्याच्याकडेच वळवला. गाव कुठलं? लग्न का नाही झालं अजून? आईला फोन करतोस की नाही? बिचारा उत्तरं देत सुटला. शेवटी बूट हातात घेऊनच जिना उतरला.

पुढच्याच आठवड्यात तो परत आला. दारातूनच हळूच विचारलं, "आजी आहेत?"

"देवळात गेलीये."

तेव्हा कुठे आत आला आणि पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचा आदेश पुढे केला. फक्त मेन गेट, एका दुपारचे दोन तास. मी लगेच पेनड्राइव्हवर काढून दिलं आणि पोच घेतली.

"एवढंच हवं होतं?"

"एवढंच. महिन्याभराचं कोण बघत बसणार? पण आपलं मागून बघायचं. बरेच जण देतात."

केस कसली होती ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आई मात्र अजून धुमसतेय. "पोहे खाल्ले, सगळं ऐकून घेतलं, आणि स्वतः केसबद्दल एक अक्षर बोलला नाही. असं कुठे असतं?"