आतड्यातली पाठराखीण

मायक्रोस्कोपवरून मान उचलली तरी आमच्या सरांचा डावा डोळा बराच वेळ मिटलेलाच राहायचा. तसेच ते व्हरांड्यातून चालत जायचे. नव्याने रुजू झालेल्या टायपिस्ट बाईंना वाटलं, हे गृहस्थ आपल्याला डोळा मारतात. प्रकरण वरपर्यंत गेलं. सरांनी जाऊन माफी मागितली, तीही एक डोळा मिटूनच.

परभणीच्या जनावरांच्या डॉक्टरी कॉलेजात ते शरीररचना शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली. बाकीच्यांना गुरांच्या खुरांत, सडांत रस, सरांना आतड्यात. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं, त्यांच्या हुकमावर आतडं हलतं. सरांचा जीव मात्र त्या चेतापेशींना बिलगून बसलेल्या बारक्या पेशींवर. पुस्तकात त्यांचं नाव ग्लिया, म्हणजे डिंक. सरांना ती शिवी वाटायची.

"डिंक कशाचा? पाठराखीण हाय ती," ते वर्गात म्हणायचे. "नवरी सासरी निघाली की संगं एक बाई धाडतेत का न्हाई? नवरी जेवली का, निजली का, ती बघती. फोटोत मात्र तिला कुणी बघत न्हाई."

परीक्षेत पोरं हमखास चुकायची. बारक्या पेशीकडे बाण काढून खाली 'चेतापेशी' लिहायची. मग सर कपाळावर हात मारायचे. "पाठराखिणीलाच मुंडावळ्या बांधल्या की रे तू!" दर वर्षी हेच वाक्य, आणि दर वर्षी आम्ही हसायचो.

सकाळी सायकलला बरणी अडकवून ते कत्तलखान्यात जायचे. आतडं सगळ्यात आधी नासतं, म्हणून तिथंच उभ्या उभ्या तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकायचे. "साब, इत्ता गोश्त हय, तुमना आंतांच होना?" खाटीक विचारायचा. सर खूश होऊन हसायचे.

नामांतराच्या दंगलीत ताडकळसकडच्या खेड्यातलं त्यांचं घर जळलं. तेव्हापासून आई क्वार्टरवर त्यांच्याजवळच राहायची. त्या जळण्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि मग एकदाची मुलगी झाली. सरांनी साऱ्या कॉलेजात पेढे वाटले. त्या टायपिस्ट बाईंना दोन दिले.

पोरीचं पोट पहिल्या दिवसापासून फुगलं. शी होईना, दूध ठरेना. आजी बेंबीला हिंगाचं पाणी लावायची. "आये, हिंगानं काय होतंय?" म्हणून सर चिडायचे. शेवटी तिला औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि आतड्याचे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे तपासायला काढले. एका जरी तुकड्यात चेतापेशी सापडल्या, तर तिथून खालचं आतडं काढून पोर वाचवता येणार होती. कुठेच नसतील, तर काहीच करता येणार नव्हतं.

त्यांचा तपास व्हायला वेळ होता. सरांनी डॉक्टरांकडून प्रत्येक तुकड्याचा कण मागून घेतला आणि बाटल्या रुमालात गुंडाळून एसटीने परत आले. आम्ही दोघांनी स्लाइडी केल्या. सर खालच्या तुकड्यापासून वर बघत गेले. मी शेजारी उभा होतो. एकेक स्लाइड काढून ठेवताना ते नुसतं "न्हाई" म्हणत होते.

शेवटच्या स्लाइडवर ते थांबले. "ये. बघ इकडं," ते म्हणाले. आवाज चढला होता. "कच्ची हाय, लेकराचीच ना? पण चेतापेशीच हाय. हाय का न्हाई?"

मी बघितलं. बारीक, चेपलेली पेशी, एका मज्जातंतूला बिलगलेली. तिला चेतापेशी म्हणणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोराला मी शून्य दिलं असतं.

"हाय सर," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग औरंगाबादची गाडी गाठायला पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथून परत आले, बसले आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्लाइड या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली.

"मीच मुंडावळ्या बांधल्या," ते शेवटी म्हणाले. "साऱ्या पाठराखिणीच आल्यात रे. नवरी कुठंच न्हाई."

मला रडू आलं. ते रडले नाहीत. स्लाइडी पुसून त्यांनी डब्यात लावल्या.

औरंगाबादचे डॉक्टरही तेच म्हणाले. पोरीला घरी आणलं. ती थोडेच दिवस होती. त्यानंतर सर कामावर आले ते हाडांचे तास मागून घेऊनच. मायक्रोस्कोपच्या खोलीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. रिटायर झाल्यावर आईला घेऊन सर आणि वहिनी कुठे गेले, ते कुणाला सांगितलं नाही.

पोरगी होती त्या दिवसांत मी एकदा संध्याकाळी क्वार्टरवर गेलो होतो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोर बाजेवर होती आणि सर खाली गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाला कान लावून होते.

"आवाज यायलाय का रे?" आजीने विचारलं.

सरांनी मान हलवली, न्हाई म्हणून. पण कान काही काढला नाही.