सज्ज्याखालचे टेकू

मला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं ते माझ्या मामांनी. वडील तयार नव्हते. आमचं धारूरला किराण्याचं दुकान. मुलगी बारावीला बसली की स्थळं बघायची, एवढंच त्यांच्या डोक्यात. मामा बांधकामाचे ठेकेदार होते, आईचे एकुलते एक भाऊ. एका दुपारी ते दुकानात येऊन पोत्यावर बसले आणि वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरीचं गणित लई पक्कं हाय. शिकू द्या तिला. पुढं माझ्याच कामावर येईल. मी हाय ना."

वडील मामांना नाही म्हणू शकले नाहीत. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी वर्ग परळीला नेला, तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचे ढीग दाखवायला. वारा सुटला की ती राख आजूबाजूच्या ज्वारीवर बसायची, पानं पांढुरकी दिसायची. सरांनी मूठभर राख हातावर घेतली. म्हणाले, सिमेंट करायला चुनखडी भाजावी लागते, त्यात दगडी कोळसा जळतो, दगडातूनही वायू निघतो. कारखान्यात ही राख मिसळली तर तेवढा दगड भाजायचा वाचतो, हा ढीगही कामी येतो. आज त्याला कमी कार्बनचं सिमेंट म्हणतात. तेव्हा आमच्याकडं कार्बन हा शब्द परीक्षेपुरताच होता. मला मात्र ती गोष्ट फार पटली. सरांनी एक बजावलं होतं. हे सिमेंट हळू धरतं. मागाहून घट्ट होतं, पण तोवर पाणी जास्त दिवस मारायचं आणि स्लॅबखालचे आधाराचे टेकू लवकर काढायचे नाहीत.

शिक्षण संपवून मी खरंच मामांच्या कामावर गेले. सिमेंट सरकारी परमिटवर मिळायचे दिवस जाऊन काही वर्षं झाली होती. दुकानांत नवनव्या कंपन्यांची पोती दिसायला लागली होती आणि त्यात राखमिश्रित सिमेंटही आलं होतं. त्याच सुमारास मामांना आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयाचं काम मिळालं. मी म्हटलं, इथं ते सिमेंट वापरू या. मामा आधी हसले. मग मी दोन-तीनदा समजावून सांगितल्यावर म्हणाले, "पंचांसमोर तूच सांग."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, हळू धरतं हेसुद्धा. बोलून झाल्यावर मामा उठले. "आपल्या समाजाची पहिली इंजिनेर पोरगी हाय ही," ते म्हणाले. "माझी भाची हाय. हिच्या शब्दावर मी स्लॅब टाकतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मामांनी आज मला सगळं दिलं.

स्लॅब टाकून झाला. पुढच्या बाजूला रस्त्यावर येणारा सज्जा होता, गच्चीसारखा बाहेर काढलेला. त्याला एकाच बाजूचा आधार, म्हणून त्याखालचे टेकू सगळ्यांत शेवटी काढायचे. हे मी मामांना आणि कामावरच्या मिस्त्रींना समोरासमोर सांगितलं होतं. वर मातीची आळी करून पाणी साठवलं. धारूरला पाण्याची ओढाताण, तरी मी टँकरमागं लागून रोज पाणी घालून घेत होते.

मग मैत्रिणीच्या लग्नाला लिंबागणेशला गेले. लग्न आटोपून परत येते तर कामावर गर्दी. सज्जा खाली आला होता. मिस्त्रींचा पाय त्याखाली सापडून मोडला होता, त्यांना अंबाजोगाईला नेलं होतं. मी गर्दीतून पुढं गेले आणि सगळ्यांत आधी टेकू शोधले. ढिगाऱ्यात टेकूची एकही बल्ली नव्हती. मोडलेलीसुद्धा नाही. आतल्या हॉलच्या स्लॅबखालचे टेकू जसेच्या तसे उभे, आणि सज्ज्याखालचे तेवढे गायब.

समोरच्या चहावाल्यानं सांगितलं, सकाळी टेम्पो भरून गेला, आष्टीला. मला कळायचं ते कळलं. आष्टीला मामांचं दुसरं काम अडून बसलं होतं, लांब बल्ल्या कमी पडत होत्या.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मिस्त्रींनी मला बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

"मामांनीच काढायला सांगितले ना?" मी विचारलं.

"ताई, मला इचारू नका," ते म्हणाले. "दवाखान्याचं सगळं मालकच बघायलेत माझं."

मला त्यांचा राग आला नाही. मामा पंचांच्या बैठकीत खरं सांगतील, असं मला तरीही वाटत होतं. माणसाकडून घाई होते. मामा तसे मोठ्या मनाचे, कबूल करतील.

बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "हे झालं कसं?"

मामा हात जोडून उभे राहिले. "चूक माझी हाय," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग ते पुढं बोलले. "पोरीच्या शिक्षणावर मी लई भरवसा टाकला. राखेचं सिमेंट नको म्हणत होतो मी. हिनं हट्ट धरला. भाची हाय, मन मोडवंना."

मी तिथंच उठले. "मामा, टेकू कुणी काढले?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. अध्यक्षांना म्हणाले, "टेकू जागेवर होते. मिस्त्रीला ढिगाऱ्यातून काढताना बाजूला केले."

"चहावाल्याला विचारा. टेम्पोत भरून आष्टीला गेले."

"बाई," मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मामा बापाच्या जागी असतो. तोंड सांभाळून बोलावं."

चहावाल्याला कुणी विचारलं नाही. राखेचं सिमेंट, एवढे दोन शब्द पुरले. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच आता म्हणत होते, राख कुठं घराला चालती का? राख ती राखच.

घरी आले तर आई भाकरी करत होती. मी सगळं सांगितलं, रडत सांगितलं. तिनं तव्यावरची भाकर उलटली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "सकाळीच येऊन सांगून गेला."

"काय सांगून गेले?"

"टेकूचं. आणि तुझं नाव घ्यावं लागंल, हे पण." मग तिनं माझा हात धरला, पिठाच्या हातानं. "आता तू गप ऱ्हा. एकच भाऊ हाय मला. माझं माहेर तोडू नको."

बैठकीत मी उभी राहिले होते. आईसमोर मला उभं राहता आलं नाही. वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली.

पंच पूर्ण स्लॅब पाडायला निघाले होते. मी सरांना गाठलं. स्लॅब पुरता घट्ट झाल्यावर ते आले, खालचे टेकू काढवून त्यांनी हॉलच्या स्लॅबवर वाळूची पोती रचायला लावली, भार ठेवून किती वाकतो ते मोजलं, आणि काही दोष नाही असं पंचांना सांगितलं. स्लॅब वाचला. सज्जा का पडला, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. तो मामांनीच पुन्हा घातला, दुसरं सिमेंट आणून.

मी बीडला एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात नोकरी धरली. आईच्या शब्दाखातर मामांकडं सणाला जात राहिले, पाया पडत राहिले. मामी माझ्या ताटात वाढायची, मामा कामाचं काही विचारायचे नाहीत.

काही वर्षांनी आष्टीला एका कामासाठी गेले होते. रस्त्यालगत मामांचा बोर्ड दिसला म्हणून थांबले. आत सिमेंटची थप्पी होती, सगळी राखमिश्रित. मामा बाजेवर बसले होते.

"आता सगळे हेच वापरतेत," ते म्हणाले, जणू पावसापाण्याचं बोलतायत. "टिकाऊ हाय. जरा दमानं घ्यावं लागतं, इतकंच."

"मामा," मी म्हटलं, "त्या दिवशी बैठकीत तसं का बोललात?"

ते चिडले नाहीत. मला समजावत असल्यासारखं म्हणाले, "हे बघ, माझं नाव गेलं असतं तर मला कुणी काम दिलं असतं का? घर बसलं असतं. तुझं काय? तुझं लगीन होणार, तू जाणार. तुझं नाव व्हतंच कुठं जायला?"

त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्यांच्या तोंडावर खोटं नव्हतं. मला शिकवायला वडिलांसमोर बसलेला माणूस हाच होता, आणि त्याच्या हिशेबी मी कधी कुणी नव्हतेच.

त्यांनी चहा मागवला. मी घेतला नाही, निघाले.

त्या वर्षी नागपंचमीला मी धारूरला घरी होते, आई मामांकडं निघाली. पिशवी भरून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "चल."

"मी येणार नाही," मी म्हटलं. "आता कधीच नाही."

तिनं पिशवी उचलली. मग एकटीच स्टँडकडं गेली.