अक्कांच्या दोन वेण्या

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून कधी धड पडलं नाही आणि अक्षर तर मुंग्यांच्या रांगेवर कुणी पाणी ओतावं तसं आहे. शिवाय चष्मा नवा आहे, त्यामुळे ओळी कधी जवळ दिसतात, कधी लांब. ही वही माझ्या ट्रंकेतच राहणार आहे, पण चुकून कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. कारण मला लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या जाऊबद्दल, आणि माझं ठाम मत आहे की अख्ख्या सोलापुरात अशी बाई दुसरी नाही. देवाने इतरांची अक्कल डोक्यात ठेवली, आमच्या अक्कांची बोटांत ठेवली. जी गोष्ट त्यांच्या हाताला लागत नाही ती जगात नाहीच, असं त्या धरून चालतात.

अक्कांचं माहेर मंद्रूपच्या पलीकडे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चालायला लागायच्या आधी त्या लोकरीच्या ढिगात लोळत होत्या. कातरणीच्या दिवसांत वडील त्यांच्या हातात एकेक पुंजका द्यायचे आणि विचारायचे, कुठल्या मेंढीची? अक्का डोळे मिटून सांगायच्या. पुढे लग्न होऊन सोलापुरात आल्या, थोरले भाऊजी लवकर गेले, आणि त्या टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला लागल्या. मी तिथेच टॉवेलच्या कडांना शिलाई मारते. अक्का टॉवेलवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "चार नंबरच्या मागावरचा हाय. त्या बाबाला सांगा, आज ध्यान न्हाय त्याचं." आणि खरंच चार नंबरवाल्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं असायचं. पिठाची चिमूट बोटांत घोळून गिरणी ओळखायच्या. दुकानदाराने साडी उलगडली की दोन बोटांत पदर चुरगाळून म्हणायच्या, "एका धुण्याची पाहुणी हाय. ठिवून दे." एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो. सगळ्यांनी मुलीला शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. अक्कांनी तिची वेणी हातात घेतली, शेंड्यापर्यंत चाचपली आणि पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "पोरगी ग्वाड हाय. पर तुमच्या बोरचं पाणी खारं हाय." मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला. पाणी खरंच खारं होतं. मुलगी मात्र आमच्या घरात आली, आणि अजून सांगते की मला पसंत करणाऱ्या पहिल्या माणसाने माझं तोंड बघितलंच नव्हतं.

अक्कांचे स्वतःचे केस मांडीपर्यंत. वय सत्तावन्न, आणि अंबाड्यात पांढरा केस शोधावा लागतो. या केसांचा सगळा थाट शाम्पूच्या एक रुपयाच्या पुडीवर चालतो. तीही एका न्हाण्यात संपत नाही. पुडीचा कोपरा दाताने तोडायचा, अर्धी डोक्याला, आणि उरलेल्या अर्धीला कपड्याचा चिमटा लावून ती पुढच्या रविवारपर्यंत खिडकीत. डोक्यावरून उतरलेला फेस बादलीत धरायचा, त्यात फणी धुवायची, फणीनंतर पायपुसणं, पायपुसण्यानंतर मोरी. एका रुपयात एवढी स्वच्छता महापालिकेलासुद्धा जमणार नाही.

अशा बाईच्या घरात राहून मी साडेआठशे रुपयांची शाम्पूची बाटली आणली, यावरून माझी अक्कल कळेल.

झालं असं, की टायफॉईडनंतर माझे केस मूठमूठ गळायला लागले. मुलीचे केस कापायला गल्लीतल्या पार्लरमध्ये गेले, तर पार्लरवाल्या ताईंनी माझ्याच डोक्याला हात घातला. "अगंबाई, ताई, केस किती गळतात! ही बाटली न्या. साडेआठशेची आहे, पण पंधरा दिवसांत गळणं थांबतं. फरक नाही पडला तर सगळे पैसे परत, माझा शब्द." चार बायका बघत होत्या. मला कधी कुणाला नको म्हणता आलेलं नाही. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी मी त्याला बरं म्हणते. पर्समध्ये साडेआठशे होते ते काढून दिले. ते पैसे चष्म्याचे होते. त्या दिवसांत मला सुईचं भोक दिसायचं बंद झालं होतं, शिलाई टॉवेलच्या बाहेर पळायची, आणि मालकांनी बजावलं होतं की डोळे दाखवून घ्या, नाहीतर मशीनवर दुसरी बाई बसवतो. म्हणजे मी चष्मा देऊन फेस घेतला होता.

पंधरा दिवस झाले. केस तसेच गळत होते, फक्त आता गळताना सुगंध यायचा. पैसे मागायला मी तीनदा पार्लरवरून गेले आणि तीनदा सरळ पुढे चालत राहिले. चौथ्यांदा आत शिरले. ताई म्हणाल्या, "या ताई, बसा." मी बसले. त्यांनी दोरा दाताखाली धरला. मी काहीच बोलले नाही, म्हणून त्यांनी माझ्या भुवया कोरल्या. वर तीस रुपये देऊन मी घरी आले.

अक्कांनी दारातच अडवलं. "भुवया कशाला गं कोरल्यास? रडून रडून डोळे सुजल्यालं झाकाय?" मग माझ्या केसांत हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "आणि ह्ये काय? डोक्यात फळांचा गाडा उलटा झाला का काय?" मग मात्र मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. माझी अपेक्षा होती की त्या ओरडतील. त्यांनी बाटली उचलली, हलवून बघितली, अर्ध्याहून जास्त होती, आणि पिशवीत घातली. "आदी माल तपासू. मग भांडू. न तपासता भांडायला आपुन काय येडं हाव?"

माल तपासायला त्या माहेरी गेल्या. कारण अक्कांच्या मते केसांची परीक्षा लोकरीवर. भाऊ मेंढरं घेऊन बाहेर गेलेला बघून त्यांनी वाड्यातलं पंधरा दिवसांचं कोकरू धरलं. उजवी बाजू साडेआठशेच्या बाटलीने, डावी बाजू एक रुपयाच्या पुडीने, मध्ये पाठीवरून काजळाची रेघ. कोकरू उन्हात वाळवलं. संध्याकाळी कळप परत आला. कोकराची आई धावत आली, डाव्या बाजूने हुंगून जरा घुटमळली, आणि उजव्या बाजूला तोंड लावताच तिने अशी धडक दिली की कोकरू जाऊन अक्कांच्या पदरात पडलं. मेंढी आपलं पिल्लू वासावर ओळखते, हे अक्कांना जन्मापासून ठाऊक. पण तपासणीच्या नादात नेमकं तेच विसरल्या. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "अक्का, सोलापूरला जाऊन तुझं ध्यान गेलं व्हय गं? आता ह्याला कोण पाजणार, पार्लरवाली?" शेवटी त्याच मेंढीचं दूध काढून कोकराच्या सर्वांगाला चोळलं, तेव्हा कुठे रात्री आईने त्याला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी भावाने दोन्ही बाजू चाचपल्या आणि फरक काही सापडेना म्हणाला. अक्का पिशवीत बाटली घालून परत आल्या आणि तडक पार्लरमध्ये. मी त्यांच्या मागे, त्यांच्या पदराआड.

"ज्या वासानं आई लेकराला वळखंना, त्याचं साडेआठशे रुपये घेतीस व्हय?"

ताई हसून हसून खुर्चीत बसल्या. "मावशी, मेंढी आणि बाईमाणूस एकच का?"

दुसरी कुणी असती तर इथे चिडली असती. अक्का विचारात पडल्या. "ह्ये मातुर बराबर बोललीस," त्या म्हणाल्या. "मंग माझ्या डोक्यावर बघू की."

आणि तिथल्या तिथे ठरलं. महिनाभर अक्का निम्मं डोकं बाटलीने धुणार आणि निम्मं पुडीने. एका वेणीला लाल फीत, एकीला काळी. कुठली फीत कशाची हे फक्त अक्कांना आणि मला माहीत. महिन्याने ताईंनी हाताने तपासून महागाची वेणी ओळखायची. ओळखली तर अक्का दुसरी बाटली विकत घेणार. नाही ओळखली तर साडेआठशे परत, ताईंनी पुन्हा शब्द दिला. घरी आल्यावर मी बोटांवर हिशेब केला. हरलो तर सतराशे! अक्का म्हणाल्या, "तू कशाला भितीस? डोस्कं माझं हाय."

तो महिना मी विसरणार नाही. दर रविवारी अक्का मोरीत बसायच्या, मी फणीने काटेकोर भांग पाडायची, एका बाजूला पिशवी बांधून दुसरी धुवायची, मग उलट. कुठल्याही बाजूवर अन्याय नको म्हणून दोन्हीकडे तांबे मोजून पाणी. बाटलीचा फेस जास्त होतो, वास छान येतो, हे अक्का मोकळेपणाने मान्य करायच्या. "वास ग्वाड हाय, न्हाय म्हनत न्हाय. मंग वास म्हनून इकावा. केस गळायचं थांबतं म्हनून का इकावा?" आणि सोमवारी सत्तावन्न वर्षांची ही बाई एक लाल, एक काळी अशा दोन वेण्या पुढे टाकून कारखान्यात. बायकांनी पहिल्या दिवशी कामच केलं नाही. "अक्का, कुठल्या शाळेत नाव घातलं वो?" अक्का टॉवेलवरची नजर न काढता म्हणाल्या, "चौथीत. धाकलीच्या वर्गात. पुढं ती शिकली न्हाय, मीच शिकती." सगळ्या मला खोदून खोदून विचारायच्या की लाल कुठली, काळी कुठली. चहा पाजला, गजरा दिला. पण गप्प राहणं ही एकच विद्या माझ्याकडे आहे, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होती.

परीक्षेच्या दिवशी पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्यातल्या सात-आठ बायका, दारात रिक्षावाल्याची आई, खुर्चीत एक नवरी चेहऱ्याला काहीतरी फासून बसलेली. अक्का मधोमध बसल्या. ताई पुढे झाल्या तशा अक्कांनी कमरेचा कपड्याचा चिमटा काढला, तोच तो पुडीचा. "नाकाला लाव. डोळ्यानं बघ, हातानं बघ. वासावर मेंढीबी वळखती." बायका खिदळल्या. ताईंचा नाइलाज झाला. त्यांनी चिमटा लावला, दोन्ही वेण्या हातांत घेतल्या, उजेडाला धरल्या, शेंडे बघितले, मुळं बघितली. बराच वेळ गेला. मग काळ्या फितीची वेणी उंच करून नाकात बोलल्या, "ही! ही बाटलीची. बघा की, रेशीम आहे नुसतं."

अक्कांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "धाकले, सांग."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. एवढ्या माणसांसमोर मी शाळेत कवितासुद्धा म्हटली नव्हती. अक्कांनी सांगितलं असतं तर काम एका क्षणात झालं असतं, पण त्या हूं की चूं करेनात. नवरीसुद्धा डोळ्यांवरच्या काकडीच्या चकत्या काढून बघायला लागली.

"ती पुडीची आहे," मी म्हणाले. "एक रुपयाची. त्यातली पण अर्धीच."

मग जो गलका झाला तो पार कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत गेला. कारखान्यातल्या बायकांनी अक्कांना खुर्चीसकट उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून मलाच उचललं. नवरीने तोंड न धुताच ताईंना विचारलं, "मग मला तुम्ही काय लावलंय?" ताई भल्या होत्या, शब्दावरून पूर्ण फिरल्या नाहीत. गल्ल्यात होते ते साडेतीनशे काढून दिले आणि उरलेले पाचशे लवकरच देते म्हणाल्या.

पण त्याच आठवड्यात मंद्रूपहून निरोप आला. भावाचा गुडघा गेला, त्याला मेंढरांमागे चालवेना. अक्कांनी कारखान्याचा हिशेब केला आणि गाठोडं बांधलं. इतकी वर्षं शहरात काढलेली बाई, पण जाताना एकदाही मागे बघितलं नाही, फक्त घराच्या भिंतीवरून हात फिरवत फिरवत दारापर्यंत गेल्या. एसटी स्टँडवर मला म्हणाल्या, "ऱ्हायल्यालं पाचशे तू आन. मागताना मान खाली घालू नगं. तिच्या तोंडाकडं बघवंना तर केसाकडं बघ. केसाला भ्यायचं कारन न्हाय."

मी गेले. ताई म्हणाल्या, "या ताई, बसा." मी सवयीने बसले. त्यांनी दोरा दाताखाली धरला. मी त्यांच्या केसांकडे बघितलं. मुळाशी विरळ होत चालले होते बिचारीचे, माझ्यासारखेच.

"भुवया नकोत ताई," मी म्हणाले. "पाचशे रुपये हवेत."

त्या दिवशी दोनशे मिळाले, पुढच्या सोमवारी दोनशे. आता रविवारी मी एकटीच न्हाते. भांग पाडायला कुणाचं डोकं नाही, तांबे मोजायला कुणी सांगत नाही. खिडकीत अर्धी पुडी असते, तिला तोच चिमटा असतो. गळायचे ते केस गळून गेले, आता नवीन बारीक बारीक येत आहेत. ते कशाने आले हे बघायला कुणाची तरी बोटं हवी होती. लाल फीत खिळ्याला तशीच लोंबते आहे. बाटलीच्या वेणीची म्हणून अक्कांनी ती नेली नाही, काळी तेवढी नेली.

तिसऱ्या सोमवारी ताईंनी शेवटची शंभराची नोट दिली आणि विचारलं, "मावशी कधी येणार हो? आल्या की इकडे आणा त्यांना." मी पार्लरच्या पायरीवरूनच अक्कांना फोन लावला. पलीकडे मेंढरांचा एवढा कालवा की मला ओरडून सांगावं लागलं, भर रस्त्यात, आणि मी ओरडले.

"अक्का, आले सगळे! साडेआठशे!"

"हाताला लागलं का?" त्यांनी विचारलं.

मी नोट दोन बोटांत धरून, त्या करतात तशी, डोळे मिटून चाचपली. "लागले," मी म्हणाले.