पंखा बंद करणारे गृहस्थ

राजाजीनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. निपाणीकडचे आहेत, मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतात आणि त्यांना ते कळतही नाही. दुरुस्तीला काहीही आलं, की ते आधी पंखा बंद करतात आणि डोळे मिटून त्या वस्तूला कान लावतात.

परवा मी हार्ड डिस्क घेऊन गेले. लॅपटॉप अपडेट झाल्यापासून ती त्यात दिसतच नव्हती. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं तिच्यात आहेत. हे आता नाहीत, आणि दुसरी प्रतही नाही.

पंखा थांबला. डिस्क जोडून त्यांनी कान लावला. "फिरतीय, अक्का."

"भाचा म्हणतो, फॉरमॅट करून बघ."

"अय्यो! घर सापडेना म्हणून घर पाडतंय का कुणी? आत सगळं पुसून जाईल की." मग पडद्यावर बराच वेळ शोधून म्हणाले, "अपडेटनं हिचं अक्षर काढलंय, दारावरची पाटीच म्हणा की, म्हणून दिसंना. स्वल्प थांबा."

त्यांनी डिस्कला नवं अक्षर दिलं आणि पाण्यातून वर यावेत तसे फोल्डर दिसू लागले.

"एक लावून बघा," म्हणत ते पंखा न लावताच बाहेर गेले.

मी एक पुस्तक लावलं. वाचण्याआधी ह्यांनी नेहमीसारखा घसा खाकरला. बाहेर पायरीवर ते गृहस्थ पाठमोरे उभे होते, आणि आत येऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून थांबवत होते.