हौसाआक्का आणि डोंगरावरचे दिवे

हौसाआक्का एक दिवस स्वतः तर अडकेलच, पण माझ्या पोरीलाही अडकवेल, ही धास्ती गीताच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मध्येच ती आठवे आणि मग शिट्ट्या चुकत. गीता वाशिंदला राहायची. तिची मुलगी रेश्मा मुरबाडच्या कॉलेजात शिकत होती आणि राहायला होती टोकावड्याला, आत्याकडे. ही आत्या म्हणजेच हौसा, गीताची थोरली नणंद.

नणंद मायाळू होती, हाताची सढळ होती. खोड एकच. जगात कुठे काही झालं की त्यावर तिला उत्तर द्यावंच लागे.

टोकावड्याच्या एसटी थांब्याजवळ तिची चहाची टपरी. टपरीला लागून एक फळा होता. कुठला पुढारी येणार, कोणाचा वाढदिवस, कुठे सभा, ते त्यावर रंगीत खडूने लिहिलं जाई. लिहिणारा गेला की हौसा पदराला हात पुसून खाली आपली ओळ लिही. एकदा फळ्यावर आलं, 'विकासपुरुषांचे गावात हार्दिक स्वागत'. हिने खाली लिहिलं, 'येताना हापशीचा दांडा घेऊन या. दोन महिने झाले.' दांडा खरंच आला. त्र्याण्णवच्या दंगलीच्या दिवसांत गावात हूल उठली, घाटावरून टेम्पो भरून माणसं येताहेत. बायकांनी पोरं घरात कोंडली, पुरुषांनी कोयते काढले. हौसा रस्त्यात उभी राहिली आणि टेम्पो आल्यावर फळ्यावर लिहिलं, 'टेम्पो आला. आत कांदे होते. मी दोन किलो घेतले.' कोयते परत आढ्याला गेले.

तिचा नवरा महिपत शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला आवरायला जायचं नाय. आपण साखर तेवढी भरून ठेवायची."

पण फळा गावापुरता होता. खाली लिहिणारी कोण, ते गावाला ठाऊक होतं. रेश्मा कॉलेजात गेली, मुरबाडच्या सायबर कॅफेत बसू लागली, तिने ऑर्कुटवर खातं उघडलं आणि आत्याला सांगितलं, की तिथे मुरबाडकरांचा एक कट्टा आहे, सगळे बातम्यांवर बोलतात. झालं. संध्याकाळी रेश्माबरोबर बातम्या घरी यायच्या आणि सकाळच्या एसटीने हौसाची उत्तरं कट्ट्यावर जायची. रेश्मा ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. नाव रेश्माचं, फोटो रेश्माचा आणि जीभ आत्याची.

वाशिंदच्या घरी कॉम्प्युटर आला होता. गीतानेही खातं काढलं, फोटोच्या जागी गुलाब लावला आणि कट्ट्यावर कधी एक अक्षर लिहिलं नाही. ती फक्त वाचायची आणि घाबरायची.

दोन हजार नऊचा उन्हाळा होता. मुंबईवरच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं, त्यात निवडणूक आलेली. 'जागरूक नागरिक' नावाच्या कोणीतरी कट्ट्यावर लिहिलं, 'टोकावड्याच्या वरच्या डोंगरात पहाटे दिवे फिरतात. पंधरा-वीस माणसं असावीत. सावध राहा.'

मग कट्टा पेटला. कोणी म्हणे अतिरेकी, कोणी म्हणे दरोडेखोर, कोणी म्हणे विरोधी पक्षाचं वाटप चाललंय. हौसाचं उत्तर गेलं, 'अहो, त्या ठाकरवाडीच्या बायका आहेत. मोहाची फुलं वेचतात. फूल रात्री गळतं, उजाडल्यावर गुरं खातात. म्हणून पहाटे दिवे घेऊन जातात.' त्यावर कोणीतरी लिहिलं, 'मॅडम, तुम्ही मेकअप करा, सुरक्षा आम्ही बघतो.' आणि खाली पोरांचा बेत ठरू लागला. काठ्या घेऊन पहाटे वर जायचं.

ही बातमी वाडीवर गेली आणि बायका घाबरून घरी बसल्या. मोहाचे दिवस मोजकेच. वाडीतली लहानी नावाची बाई हौसाच्या टपरीवर येऊन म्हणाली, "हौसाबाय, तीन सकाळी झाल्या. आमचा मोह बैलांनी खाल्ला. आता पोरांना काय भाजून देऊ?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गीताने कॉम्प्युटर उघडला आणि कट्टा वाचायला घेतला. रेश्माच्या नावाने लिहिलं होतं, 'काठ्या घेऊन या. उद्या पहाटे टोकावड्याच्या थांब्यावर. मी पुढे चालते. चहा फुकट.'

तिने रेश्माला फोन लावला, तो बंद. टोकावड्याला लोडशेडिंग, म्हणजे चार्जिंग नसणार.

"अहो, हे बघा तुमच्या बहिणीने काय केलंय!"

तिच्या नवऱ्याने, ज्ञानेश्वरने वाचलं आणि तो हसला. "चहा फुकट म्हणते. म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

"हसताय काय? पोरीच्या नावावर काठ्यावाले बोलावलेत जंगलात!"

पहाटे मोटारसायकलवर त्याच्या मागे बसून गीता टोकावड्याला निघाली. पोचले तेव्हा उजाडलं होतं. टपरीवर महिपत एकटाच रिकामे कप धूत होता.

"भावजी, पोरं कुठायत? मारामारी झाली का?"

"नाय बा. चहा पिऊन हौसाच्या मागनं वर गेली. साखर संपली बघा."

गीता पायवाटेने धापा टाकत चढली. वरून आरडाओरडा ऐकू आला आणि तिने पावलं आणखी भराभर उचलली.

"ए दादा, पाय उचल! फूल तुडवलंस!" तो लहानीचा आवाज होता.

मोहाच्या झाडाखाली पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि त्या सड्यात मुरबाड-टोकावड्याची पोरं चवड्यांवर, ओणवी, एकमेकांचे खांदे धरून उभी होती. पाय कुठे टेकावा ते कोणालाच कळत नव्हतं. काठ्या एका बाजूला मोळी बांधून ठेवलेल्या. हौसाच्या भरवशावर पुन्हा आलेल्या वाडीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एका पोराला वाटलं, काम लवकर उरकावं. त्याने एक काठी उपसून फांदीवर हाणली.

"झोड, झोड!" लहानी ओरडली. "पुढल्या साली फांदीवर काय तुझा बाप फुलणार हाय?"

पोरं इतकी हसली की दोघं तोल जाऊन सड्यातच बसली. त्यावर आणखी शिव्या पडल्या.

हौसा दगडावर बसून देखरेख करत होती. "ये गो गीते! बघ, सगळे अतिरेकी धरलेत. एकेकाला टोपली दिलेय."

"आक्का," गीता म्हणाली, "निदान तुमचं नाव तरी घालायचं होतं!"

"माझं नाव घातलं असतं तर कोण आलं असतं? रेश्माचं नाव बघून चाळीस आले!"

"आत्या!" झाडाखाली फुलं वेचणारी रेश्मा किंचाळली. आणि मग गीतालाच हसू फुटलं. थोड्या वेळाने तीही खाली बसून फुलं वेचू लागली. हात चिकट झाले, वास डोक्यात भरला.

दुपारी तिघी मुरबाडला कॅफेत गेल्या. आता कट्ट्यावर सगळं मिटलं असेल, असं गीताला वाटत होतं. पाहतात तर 'जागरूक नागरिक'चा नवा मजकूर. 'आज दिवे दुपटीहून जास्त होते. संख्या वाढते आहे. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन उद्याच डोंगर घेरावा.'

रेश्मा हसून खुर्चीतच लोळली. "आई, ते आमचेच टॉर्च!"

"लिही गो," हौसाने बाह्या सरसावल्या, "लिही, की डोळ्यांच्या डॉक्टरकडे..."

पण खाली उत्तरं पडत होती. सरळगाववाले येतो म्हणत होते, शहापूरचे गाडी करतो म्हणत होते. आज आलेले चाळीस हौसाला ओळखत होते. उद्याचे ओळखणार नव्हते, आणि लहानी तर उद्या पोरींनाही बरोबर नेणार होती.

गीताने तो मजकूर शेवटपर्यंत वाचला. तळाशी मोबाइल नंबर होता आणि एक ओळ होती. 'डोंगराखालच्या नवीन बंगल्यात आम्ही तिघंच राहतो. मुलगी लहान आहे. झोप लागत नाही.'

तिने रेश्माचा हात कीबोर्डवरून बाजूला केला.

"आक्का, हा वाईट माणूस नाही. घाबरलाय."

"घाबरलाय म्हणून गावं पेटवायची?"

"तुम्ही सगळ्यांसमोर टोमणा मारलात तर तो मागे हटेल का? तुम्ही हटला असतात?"

हौसाने विचार केला. असा विचार ती क्वचितच करी. "नसते हटले," ती म्हणाली. "मग काय करतेस?"

"त्याला बोलावते. मुलीला घेऊन ये म्हणते. तिला फुलं वेचायला आवडेल. एकदा बघितलं की तोच सांगेल सगळ्यांना."

"मी बोलते की."

"तुम्ही नको. तुमचं भांडण होईल."

"व्हय, होईल," हौसा लगेच कबूल झाली. "तूच कर. तू जन्मभर घाबरलेयस, तुझं तो ऐकेल."

रेश्माने कॅफेत चार्जिंगला लावलेला मोबाइल पुढे केला. गीता कॅफेच्या पायरीवर जाऊन बसली. अनोळखी माणसाला तिने आजवर कधी आपणहून फोन केला नव्हता. समोर स्टँडवर शहापूरची गाडी लागत होती. तिने पदराने कपाळ पुसलं आणि नंबर दाबायला सुरुवात केली.